इंजिन नवं, ताप जुनाच!

मराठी विभागासाठी लेख द्या असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी चक्क घाबरले. बारावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे अर्धं घरचं आणि अर्धं एसटीतलं! कविता मला जमणार नाही, 'पाऊस आणि ती' तर अजिबातच नाही. पण गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या साखरखेर्ड्याला काकांच्या व्हॅनखाली तीन दिवस आडवं पडून जे काही शिकले, ते सांगता येईल. थर्मोच्या पेपरमध्ये उपयोगी पडेल न पडेल, घरी कुणाची जुनी गाडी असेल तर नक्की पडेल.

साखरखेर्डा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, सिंदखेडराजा तालुक्यातलं गाव. इतिहासवाल्यांना १७२४ ची लढाई आठवेल. निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाला इथे हरवलं आणि गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. कागदावर ठेवलं, लोकांनी मात्र साखरखेर्डाच चालवलं. काकांच्या ऑम्नीचं थोडं असंच आहे. बॉडी जुनी, नाव जुनं, आत इंजिन दुसरंच!

काकांचा कापडाचा धंदा आहे. दुकान नाही, आठवडी बाजार. गठ्ठे ऑम्नीत भरायचे आणि आज मेहकर, उद्या लोणार, परवा आणखी कुठे. एक बाजार चुकला म्हणजे त्या गावची आठवड्याची कमाई गेली, आणि लग्नसराईत चुकला तर विचारूच नका. गाडी जुनी, कार्ब्युरेटरच्या काळातली. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ मध्ये तिचं नाव ऑम्नी झालं आणि २०१९ मध्ये उत्पादन बंद झालं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. काकांच्या गाडीचं इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं, म्हणून त्यांनी डिसेंबरमध्ये नंतरच्या मॉडेलच्या, अपघात झालेल्या ऑम्नीचं एमपीएफआय इंजिन घेऊन बसवलं. तेच घराणं, तेच ७९६ सीसी, फक्त कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आणि एक कॉम्प्युटर.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी गाडी मस्त चालली. होळी झाली आणि काटा वर सरकायला लागला. एप्रिलमध्ये दोनदा रस्त्यात उभी राहिली. मिस्त्री म्हणाले, "इंजिनच खराब निघालं, हेड खोला लागंल." म्हणजे दहा-बारा हजार, वर तीन-चार बाजार बुडणार. काकांचा फोन आला, "पोरी, तू इंजिनचंच शिकून राह्यली ना? मंग सांग, तीन महिने चांगली चालली ते आताच काऊन तापून राह्यली?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. सगळे जण याच प्रश्नावर फसतात. बसवताना चूक झाली असती तर पहिल्याच दिवशी तापली असती ना? तीन महिने चालली म्हणजे बसवणं बरोबर, इंजिनच गेलं, असा सरळ हिशोब. पण हा हिशोब चुकीचा आहे.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची ऊर्जा ढोबळमानाने तीन वाटण्यांत जाते: एक चाकांकडे, एक सायलेन्सरमधून बाहेर आणि एक पाण्यात. ऑम्नी भरलेली असून रस्त्यावर पंधराएक किलोवॅट ताकद लावत असेल तर साधारण तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. होस्टेलमधला पाणी तापवायचा रॉड दीड किलोवॅटचा असतो (रेक्टर सर, हे फक्त उदाहरण आहे, आमच्या रूमवर रॉड नाही!). म्हणजे असे दहा रॉड एकाच वेळी चारेक लिटर पाण्यात सोडलेत असं समजा. रेडिएटरने काम थांबवलं तर पाणी आणि इंजिनचं सगळं धातू धरूनही मिनिट-दीड मिनिटात ८५ अंशांवरून शंभर गाठतात.

आता रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० वर आणि जानेवारीतली दुपार २५ ची, म्हणजे फरक ६५. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४२-४३ असतं आणि डांबरी रस्त्यालगतची हवा ४५ तरी धरा. फरक उरला ४५. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम तीस टक्क्यांनी कमी! म्हणून डिसेंबरमध्ये झालेली चूक फेब्रुवारीपर्यंत लपून राहू शकते. थंडी ती झाकून घेते, एवढंच. तीन महिने चालली म्हणून बसवण्यातली चूक नाही, असं म्हणता येत नाही.

मग मी घरी गेले. पहिलं काम म्हणजे काटा खरं बोलतो का ते बघणं. इंजिन बदललं की मीटरला माहिती देणारा सेन्सर पण बदलतो, आणि जुना मीटर व नवा सेन्सर यांचं गणित जुळेलच असं नाही. एकाच तापमानाला एक सेन्सर ठराविक रोध दाखवतो, दुसरा वेगळा, आणि काटा बिचारा रोधावर नाचतो. कॉलेजच्या लॅबमधून लेसर पॉइंटरवाली इन्फ्रारेड गन सरांच्या सहीने आणली होती. (कोरोनाच्या वेळची कपाळाला लावायची गन आणू नका, ती त्रेचाळीसच्या आसपास हात टेकते.) गन वापरताना एक गंमत लक्षात ठेवा. चकचकीत अॅल्युमिनियमवर धरली की ती तापमान बरंच कमी दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. मी थर्मोस्टॅटच्या डब्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि टेपवर नेम धरला. काटा लाल पट्टीला टेकला तेव्हा गन म्हणाली ९८. म्हणजे काटा थोड्या थापा मारत होता, पण पूर्ण खोटं बोलत नव्हता. गाडी खरंच तापत होती.

पुढचा प्रश्न मिस्त्री लोक सहसा विचारत नाहीत: तापते कधी? उभी असताना, हळू चालताना, पळताना की चढावर? अर्धं निदान यातच आहे. उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, तर पंखा बघा, कारण पळताना वारा पंख्याचं काम करतो. उभी ठीक आणि पळताना किंवा चढावर तापते, तर रेडिएटर तुंबलाय किंवा पाणी पुरेसं फिरत नाही, म्हणजे उष्णता जास्त आणि वाट अरुंद. गार इंजिन चालू केल्यावर दोनच मिनिटांत पाइप दगडासारखा टणक होतो, झाकण उघडं ठेवलं तर बुडबुडे येतच राहतात, पाणी कमी होतं पण गळती कुठेच दिसत नाही, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय.

काकांना मी हेच विचारलं. उत्तर भलतंच निघालं. उभी असली की हळूहळू चढते. गावातून, बाजाराच्या रस्त्याने तीस-चाळीसच्या स्पीडने गेलं की सगळ्यात जास्त. मोठ्या रस्त्याला लागून साठच्या वर गेलं की उतरते! माझ्या वहीतल्या कुठल्याच रकान्यात हे बसेना. उभी असण्यापेक्षा चालताना जास्त आणि पळताना कमी?

गॅस्केट बघितलं, बुडबुडे नाहीत. बेल्ट घट्ट होता, वॉटर पंप फिरत होता. मग थर्मोस्टॅट. तो मिस्त्रींनी आधीच काढून फेकला होता. याबद्दल थोडं रागावूनच लिहिते, कारण आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी थर्मोस्टॅटचा! काढला की पाणी मोकळं फिरेल असा समज. थर्मोस्टॅट हा मेणावर चालणारा छोटा दरवाजा आहे. पाणी ऐंशीच्या वर गेलं की आतलं मेण वितळून फुगतं, दरवाजा उघडतो. अडकून बंद राहिला तर गाडी नक्की तापते, मग नवा टाका, महाग नसतो. पण काढून टाकला की थंडीत इंजिन नीट गरमच होत नाही, आणि एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, मग तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. काका म्हणत होते की नव्या इंजिनचं अॅव्हरेज जुन्यापेक्षा वाईट आहे, त्याचं एक कारण हे. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं. नवा आणल्यावर आम्ही तो काकूच्या पातेल्यात टाकून गॅसवर ठेवला. पाणी उकळायच्या बऱ्याच आधी डोळ्यांसमोर उघडला. काकूने ते पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरलं नाही, हा खर्च वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना काका सहज बोलले, "एक गंमत सांगू? मागं एक दिवस पंख्याचं बटन लावायचं राहूनच गेलं. त्या दिवशी लई तापली नाही."

मी कप खाली ठेवला.

पंख्याचं बटन कुठून आलं? जुन्या गाडीत इंजिनवर एक तापमानाचा स्विच होता, तो पंखा चालू-बंद करायचा. तो जुन्या इंजिनाबरोबर भंगारात गेला. नव्या इंजिनात हे काम कॉम्प्युटर रिलेतून करतो, पण जुन्या वायरिंगचा कनेक्टर जुळेना. म्हणून वायरिंगवाल्याने डॅशबोर्डला एक बटण बसवून पंखा थेट जोडून दिला आणि सांगितलं, उन्हाळ्यात चालूच ठेवा. काका बिचारे इमानदारीने चालू ठेवत होते.

आता पंख्याची मोटर डीसी असते. दोन वायरी उलट्या लागल्या तर ती बंद पडत नाही, उलटी फिरते. छान आवाज करते, कुणाला शंका येत नाही. ऑम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पार पुढे. पंख्याने पुढून गार हवा आत ओढायची असते. उलटा फिरला तर गाडीखालची गरम हवा तो पुढे ढकलतो. उभ्या गाडीत निदान काहीतरी वारा रेडिएटरमधून जातो, गरम का असेना. पण गाडी तीस-चाळीसने चालली की समोरून येणारा वारा आणि पंख्याचा वारा एकमेकांना अडवतात आणि रेडिएटरमधून हवा जवळजवळ जातच नाही. साठच्या वर वारा जिंकतो. काकांच्या तिन्ही गोष्टी आणि चौथी, बटण विसरल्याची, एकदम जागेवर बसल्या!

खात्री करायला थर्मोच्या वहीचं एक पान फाडलं (सर, रिकामं होतं). बंपरखालून हात घालून ते रेडिएटरच्या पुढे धरलं. पंखा बरोबर असेल तर पान जाळीला चिकटायला हवं. आमचं पान फडफडत बाहेर आलं आणि माझ्या तोंडावर बसलं. काका इतके हसले की शेजारचे लोक बघायला आले.

दोन वायरींची अदलाबदल. बस्स. खर्च शून्य. इंजिन खोलायला निघाले होते मंडळी!

पण इथे थांबले असते तर लेख छान झाला असता, गाडी नसती झाली. गठ्ठे भरून चढावर नेली तर अजून ९५-९६ दाखवत होती. गन रेडिएटरवर फिरवली तर खालचा एक कोपरा बाकीच्यापेक्षा चांगलाच गार. गार म्हणजे चांगलं नव्हे! गार म्हणजे तिथून गरम पाणी वाहतच नाही, नळ्या तुंबल्यात. रेडिएटर जुन्याच इंजिनचा होता आणि त्यात वर्षानुवर्षे बोअरचं पाणी. आपल्याकडचा खडक काळा बसाल्ट, बोअरचं पाणी जड. कुकरच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच नळ्यांत बसतो. त्या चुन्याच्या थरातून उष्णता अॅल्युमिनियमच्या साधारण शंभरपट कमी वाहते, म्हणजे पातळ थर पण स्वेटर घातल्यासारखा. शिवाय नवं इंजिन बसवताना हलवाहलव झाली, पाइप झटकले गेले, सुटलेला गंज आणि पापुद्रे थेट रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकले. इंजिन बदलल्यावर जुना रेडिएटर तसाच ठेवला की हे बऱ्याचदा होतं. मेहकरला रेडिएटरवाल्याकडून तो खोलून साफ करून घेतला. निघालेला गाळ मी बाटलीत भरून आणलाय, बघायचा असेल तर मुलींच्या होस्टेलवर निरोप पाठवा.

परत भरताना बोअरचं पाणी बंद. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं कूलंट. त्यात गंजरोधक असतं, लोखंडी ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड एकाच पाण्यात असताना ते लागतंच.

भरण्याचीही एक पद्धत आहे. इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे, मधे फरशीखालून लांब पाइप. यात हवेचा फुगा अडकला की पाणी फिरत नाही, पंप नुसता हवेत हात मारतो. याच सुझुकी घराण्यातली एक व्हॅन इंग्लंडमध्ये बेडफर्ड रास्कल नावाने १९८६ पासून काही वर्षं लुटन इथे बनत होती. तिची मांडणीही अशीच, आणि तिथल्या मालकांनाही या हवेचा असाच ताप. आपण एकटे नाही! उपाय साधा. गाडीचं तोंड चढावर वर करून उभी करायची म्हणजे हवा झाकणाकडे येते. इंजिन गार असताना हळूहळू ओतायचं, झाकण उघडं ठेवून चालू करायचं, पाइप हाताने दाबत राहायचं, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा परत भरायचं. आमच्या गल्लीच्या चढावर हे करताना पाऊण तास गेला आणि अर्धा लिटरच्या वर आणखी मावलं. म्हणजे आधी तेवढी हवा आत होती.

झाकण पण नवं टाकलं. झाकण म्हणजे नुसतं झाकण नाही, तो प्रेशर व्हॉल्व्ह आहे. आपल्या पठारावर उघडं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. ०.९ चं झाकण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११७-११८ पर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं झाकण म्हणजे वीस अंशांची उधारी बुडाली! आणि हेच उलट वाचा: तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की शंभरच्या वरचं पाणी दाब जाताच क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. मिस्त्रींच्या मनगटावर त्याची खूण आहे. तापली तर बाजूला घ्या, बंद करा, अर्धा तास तरी हात लावू नका. वरून गार पाणीही ओतू नका. अॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग गॅस्केट खरंच जातं. कंपन्यांच्या पुस्तकात अशा हेडला चालणारा वाक असतो जेमतेम ०.०५ मिलिमीटर.

बाकी छोट्या गोष्टी: घासणारे ब्रेक, तुंबलेला सायलेन्सर, चुकलेलं इग्निशन टायमिंग. यांनीही इंजिन तापतं. आमच्या गाडीत मागचं एक चाक थोडं धरत होतं, ते सोडवून घेतलं.

आणखी एक, कारण हे बरेच जण विसरतात. इंजिन नंबर आरसी बुकावर असतो. बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंद पाहिजे, नाहीतर अपघाताच्या वेळी विमेवाले आधी तोच नंबर बघतात. काकांनी ते बुलढाण्याला जाऊन आधीच करून घेतलं होतं. वायरींत फसले, पण कागदात नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी पंखा बघितला, स्वतः पान धरून बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "वायरिंगवाल्यानं लावला, मी चेक नाही केला. माझंच चुकलं." मग कॉम्प्युटरची पंख्याची वायर शोधून रिलेला त्यांनीच जोडून दिली, पैसे न घेता. आता बटण फक्त अडीअडचणीला आहे.

परीक्षा घ्यायला मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट निवडला. दुपारी दोन वाजता, मागे सगळे गठ्ठे, मी गन घेऊन पुढच्या सीटवर. वर पोहोचल्यावर सीट उचलून टेपवर नेम धरला: ९१. पंखा आपोआप चालू झाला, थोड्या वेळाने आपोआप बंद झाला. काका काही बोलले नाहीत, फक्त दोन रसवंत्या सांगितल्या.

काटा मात्र अजूनही अर्ध्याच्या बराच वर उभा राहतो, कारण सेन्सर आणि मीटरचं भांडण मिटलेलं नाही. जुळणारा सेन्सर मी शोधतेय. तोपर्यंत काकूने आपली एक लाल टिकली मीटरच्या काचेवर, ९१ ला काटा जिथे होता तिथे, चिकटवून दिली आहे. टिकलीच्या पुढे गेला तरच गाडी थांबवायची, असं काकांना सांगितलंय.